पेनाचं टोपण

गेल्या वर्षी जानेवारीत एका आरोग्य उपकेंद्राच्या ओट्यावर बसून मी पेनाला टोपण लावलं. घडलं ते एवढंच. समोर बसलेल्या मुलीनं ते पाहिलं की नाही, मला माहीत नाही. पाहिलं असलं तरी ती कधी बोलून दाखवणार नाही. पण त्या टोपणाचा बारीकसा आवाज माझ्या कानातून जात नाही. कधी लसीकरणाच्या सत्रात नोंद करताना येतो, कधी संघटनेच्या पत्रावर सही करताना.

धडगावच्या पुढे नर्मदेकडे उतरत जाणाऱ्या वाटेवरचं ते उपकेंद्र. आमच्या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या जिल्हा संघटनेची निवडणूक तोंडावर आली होती आणि मी सरचिटणीसपदाला उभी होते. तळोद्याहून पहाटेची क्रूझर धरली, चांदसैलीचा घाट चढताना शेजारच्या बाईच्या मांडीवरचं कोकरू थंडीनं थरथरत होतं, तेवढीच ऊब. पुढे एका पाड्यापर्यंत मोटारसायकल मिळाली आणि तिथून चालत. खांद्याच्या पिशवीत मतदार यादीची झेरॉक्स होती. यादीत प्रत्येक नावापुढे आम्ही खूण केलेली. बरोबर म्हणजे आपलं, फुली म्हणजे त्यांचं, आणि प्रश्नचिन्ह म्हणजे जाऊन भेटायचं. धडगाव तालुक्यात प्रश्नचिन्हं जास्त होती, म्हणून मी तिथे गेले होते.

ओट्यावर ती आइसपॅक पुसून उन्हात ठेवत होती. वय तिशीचं असेल. मला पाहून तिनं हात पदराला पुसले, आतून प्लास्टिकची खुर्ची आणली, स्वतः पायरीवर बसली. मी माझं सगळं बोलायला लागले. जुनी पेन्शन, विनंती बदल्या, दहा, वीस, तीस वर्षांच्या सेवेनंतरची आश्वासित प्रगती, पाड्यावर पायी फिरणाऱ्यांचा प्रवास भत्ता. तोवर हे बोलणं मी इतक्या ठिकाणी केलं होतं की कुठे थांबायचं आणि कुठे आवाज चढवायचा हे जिभेला पाठ झालं होतं. ती मान डोलावत ऐकत होती. मी यादी उघडली, पेन काढलं आणि तिचं नाव विचारलं.

"ताई, माझं नाव नाही सापडायचं त्यात. मी कंत्राटी."

तेव्हा मी टोपण लावलं.

तिनं कोरा चहा केला. दूध नव्हतं म्हणून दोनदा माफी मागितली. मी चहा प्यायले, इकडचं तिकडचं विचारलं. पण मघाशी बोलत होते ती मी आणि आता विचारत होते ती मी यांत फरक पडला होता आणि तो मलाच ऐकू येत होता. मग तीच म्हणाली, खालच्या पाड्यावर आज रेग्युलर ताई सत्राला आल्यात, त्यांचं मत असेल, वाट अवघड आहे, मी येते दाखवायला. आणि ती आली. अर्धा तास उतार. सागाची वाळलेली पानं पायाखाली मोडत होती, वाटेत तिनं दोनदा माझी पिशवी घ्यायला हात पुढे केला. रेग्युलर ताईंशी तिनं माझी ओळख करून दिली, माझ्या बाजूनं चार शब्द बोलली. त्या मताची फुली होता होता बरोबरची खूण झाली. आणि ती तशीच परत चढून गेली, कारण तिचे आइसपॅक ओट्यावर होते.

मी २००६ सालची. आमच्या खात्यात माणसाची ओळख अशी सालावरून होते. १ नोव्हेंबर २००५ च्या आत लागलेला माणूस जुन्या पेन्शनचा, त्यानंतर लागलेला डीसीपीएस या अंशदायी पेन्शन योजनेचा. माझ्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण काही महिने आधी लागली. आम्ही दोघी एकाच बाकावर बसून बाळंतपणाची प्रात्यक्षिकं लिहिली, पण म्हातारपणी तिच्या घरी दरमहा पेन्शन येणार आणि माझ्या घरी पगारातून दहा टक्के कापून बाजारात गेलेल्या पैशांचा हिशेब येणार. ही सल घेऊनच मी संघटनेत आले. मार्च २०२३ मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत राज्यभर संप झाला तेव्हा १४ ते २० मार्च असे सातही दिवस मी जिल्हा परिषदेसमोर उन्हात बसले होते. घसा बसला, ओठांना साली आल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी माइक हातात घेतला तो तिथे.

पण त्याच २००५ सालात आणखी एक गोष्ट झाली होती आणि ती मला इतकी वर्षं जोडून दिसली नव्हती. एप्रिल २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं. त्यातून उपकेंद्रांवर दुसरी एएनएम, म्हणजे आरोग्य सेविका, आली. अकरा महिन्यांचा आदेश, मध्ये एखाद्या दिवसाचा खंड, पुन्हा आदेश, पगाराऐवजी मानधन. म्हणजे एकाच वर्षात आमची पेन्शन गेली आणि आमच्या शेजारच्या खुर्चीवर कंत्राटी बाई येऊन बसली. काम तेच. लस तीच, दोन ते आठ अंशांतच ठेवायची. गरोदर बाईच्या पोटावर हात ठेवून बाळाचे ठोके ऐकायचे तेही तसेच. नोंदवहीत आम्हा दोघींच्या सह्या एकाखाली एक, तिच्या पदनामापुढे कंसात 'कं.' एवढं एक अक्षर जास्त. मी पेन्शनसाठी संपावर बसले ते सात दिवस माझं उपकेंद्र बंद नव्हतं. कंत्राटी बाईनं उघडलं होतं. त्या सात दिवसांत तिथे दोन बाळंतपणं झाली. मी परत आले तेव्हा नोंदवही पूर्ण होती, तिच्या गोल, सुवाच्य अक्षरात. मी तिला 'थँक्यू गं' म्हटलं होतं. तेवढंच म्हटलं होतं.

आमच्या घरात संपाची गोष्ट आधीपासून होती. आप्पा तहसील कचेरीत कारकून. १९७७-७८ चा ५४ दिवसांचा संप त्यांनी केला. संपाचे नेते र. ग. कर्णिक यांचं नाव ते असं घ्यायचे की मला लहानपणी वाटायचं ते आमचे कुणी नातेवाईक असावेत. माझा जन्म त्यानंतरचा, पण थोरला भाऊ तेव्हा तान्हा होता आणि आई त्या दिवसांचं फक्त जेवण सांगायची. कळण्याची भाकरी, ठेचा, आणि उधारीची वही जाड होत चाललेल्या वाण्याच्या दुकानापुढून जाताना डोक्यावर ओढलेला पदर. आप्पा सांगायचे ती गोष्ट वेगळी. संपाच्या दुसऱ्या महिन्यात गावचा कोतवाल रात्री दारात आला. पाठीवर दादर ज्वारीचं पोतं. "भाऊसाहेब, हाई दादर ल्या. पगार व्हयना का मंग दिज्यात." कोतवाल मानधनावरचा माणूस. त्याला ना आमचा पगार, ना आमची वेतनश्रेणी. संप जिंकला काय, हरला काय, त्याच्या हाती काही पडणार नव्हतं. आप्पा ही गोष्ट सांगताना दर वेळी डोळे पुसायचे. त्यांनी ती कायम कोतवालाच्या मोठेपणाची म्हणून सांगितली आणि मीही तशीच ऐकली. त्याला तुम्ही तुमच्यात का घेतलं नाहीत, असं मी कधी विचारलं नाही. आता विचारायला आप्पा नाहीत.

मला उभं राहायला सांगितलं ते एका निवृत्तीला आलेल्या सेविकेनं. आमच्या संघटनेत बाया निम्म्याहून जास्त, पण पदांवर बहुतेक पुरुष. बाईला फार तर महिला उपाध्यक्ष किंवा कोषाध्यक्ष, कारण बाई पैशाचा हिशेब नीट ठेवते. अर्ज भरायच्या आधी समोरच्या पॅनेलचे दोघे घरी आले. चहा घेतला, मुलाच्या बारावीची चौकशी केली आणि म्हणाले, ताई, उपाध्यक्षपद घ्या, सगळंच बिनविरोध करून टाकू, कशाला गावोगाव फिरता. माझे मिस्टर माझ्याकडे बघत होते. मी रात्री त्या म्हाताऱ्या सेविकेला फोन केला. ती अहिराणीत म्हणाली, "तू उभी ऱ्हाय व माय, मी शे ना तुना संगे." त्या एका वाक्यावर मी सहा तालुके फिरले. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी म्हणजेच धडगाव.

नंदुरबारच्या आसपास त्या दिवसांत रस्त्याच्या कडेनं मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या असतात. नजर जाईल तिथपर्यंत लाल. बाहेरच्या माणसाला ते चित्र वाटतं, आम्हाला आधी ठसका येतो. प्रचाराच्या पहिल्या आठवड्यात मी नाकाला रुमाल लावून बोलत होते आणि लोकांना वाटायचं मला रडू येतंय. एका प्राथमिक आरोग्य केंद्रात एका ज्येष्ठ आरोग्य सेवकानं सरळ विचारलं, "रात्री अकराला एखाद्या कर्मचाऱ्यावर गावकरी धावून आले, पोलीस ठाण्यातून फोन आला, तर तुम्ही जाल का, ताई?" त्या प्रश्नात टोमणा नव्हता, काळजी होती. मी म्हटलं, रात्री दोनला टॉर्च घेऊन नदी ओलांडून बाळंतपणाला गेलेली बाई आहे मी, पोलीस ठाण्याला निदान डांबरी रस्ता असतो. तो हसला नाही. त्यानं मान हलवली आणि म्हणाला, मत तुम्हाला. अशी मतं मिळवताना जो आनंद होतो तो मी लपवणार नाही. आपल्या शब्दावर कुणीतरी भरवसा ठेवतंय हे कळलं की पाठ आपोआप ताठ होते. वीस वर्षं आदेश ऐकण्यात गेलेल्या बाईला तर ते नवंच होतं.

पण फिरताना सवय कशी लागते पाहा. पहिल्या दिवशी मी उपकेंद्रात शिरले की आधी विचारायचे, पाणी आहे का इथे, लाइट जाते का, रात्री एकटीला भीती वाटते का. दहाव्या दिवशी मी आधी विचारायला लागले, इथे आपली किती मतं? माणसाच्या चेहऱ्याआधी मला त्याच्या नावापुढची खूण दिसायला लागली. झाडूवाली मावशी, आशा, रुग्णवाहिकेचा चालक, कंत्राटी सिस्टर, लॅबमधला पोरगा, हे सगळे त्याच खोलीत असायचे, मला पाणी आणून द्यायचे, खुर्ची पुढे सरकवायचे. मी त्यांच्यावरून नजर फिरवून यादीतला माणूस शोधायचे. तो टोपणाचा आवाज एका ओट्यावरचा म्हणून लक्षात राहिला, पण तसं मी किती ठिकाणी केलं असेल, ते मोजायची माझी हिंमत नाही.

निवडून आले. एकोणीस मतांनी.

गुलाल कानात गेला होता तो दोन दिवस निघत होता. त्या रात्री व्हॉट्सॲपवर संदेशांचा पाऊस. हार, गुच्छ, फुटणाऱ्या फटाक्यांची चित्रं. त्यात एक संदेश त्या उपकेंद्रावरचा. "अभिनंदन ताई. आपल्या माणसाला न्याय मिळाला." मी तो पुन्हा पुन्हा वाचला. 'आपल्या' या शब्दावर अडकले. तिनं तो सहज लिहिला होता. उत्तर म्हणून मी हात जोडलेलं चित्र पाठवलं. तेच चित्र त्या रात्री मी सगळ्यांनाच पाठवलं होतं.

पहिल्या सर्वसाधारण सभेत मी विषय मांडला. कंत्राटी कर्मचाऱ्यांना सहयोगी सभासद करून घ्यावं, निदान बैठकीत बसण्याचा आणि बोलण्याचा हक्क द्यावा. मला वाटलं होतं समोरच्या पॅनेलचे लोक विरोध करतील. उभी राहिली ती माझी म्हातारी सेविका. तिचा आवाज कापत होता. म्हणाली, माझी मुलगी तीन वर्षं सरळसेवेच्या परीक्षेची तयारी करतेय, दोनदा थोडक्यात गेली. २०२४ च्या मार्चमध्ये दहा वर्षं झालेल्या कंत्राटींना रिक्त पदांवर सामावून घ्यायचा निर्णय निघाला, तो निर्णय अमलात आला की तिच्या वाट्याची जागा कमी होणार. तू त्यांना आपल्या सभेत आणून बसवशील, तर माझ्या पोरीसाठी कोण बोलेल? सभागृह शांत झालं. मागून कुणी सेवाज्येष्ठतेचा मुद्दा काढला, कुणी म्हणालं त्यांची वेगळी संघटना आहे, ती आपल्यापेक्षा जास्त लढते. तेही खरं होतं. इतिवृत्तात ओळ लिहिली गेली, 'विषय पुढील सभेत विचारार्थ ठेवण्यात आला.' ती ओळ माझ्याच सहीनं गेली. घरी येऊन मी त्या सेविकेवर चिडायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. ती चुकत नव्हती. जागाच इतक्या कमी ठेवल्या आहेत की एकीच्या लेकीचं पोट दुसरीच्या नोकरीवर येऊन आदळतं, आणि मग आम्ही बाया एकमेकींकडे बघत बसतो. जागा कमी कुणी ठेवल्या, हे विचारायचं राहूनच जातं. त्या दिवशी सभेत मला हे बोलता आलं नाही. आता लिहिताना येतंय.

ऑगस्टमध्ये कंत्राटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. राज्यभर. मी आमच्या लेटरहेडवर पाठिंब्याचं पत्र दिलं, त्यांच्या मंडपात जाऊन बसले, फोटोही निघाले. पत्र द्यायला काही लागत नाही. खरी अडचण दुसऱ्या आठवड्यात आली. उपकेंद्रं बंद, सत्रं थांबलेली, आणि आमच्यावर दुप्पट काम. आमच्याच सेविकांचे फोन यायला लागले, सरचिटणीस, आम्ही किती ओढायचं? आणि माझ्या मनात त्याहून वाईट गुंता. सत्र केलं तर त्यांच्या संपाची धार मी बोथट करते. नाही केलं तर पाड्यावरचं पोर लसीवाचून राहतं. मार्च २०२३ मध्ये याच तराजूत त्या बसल्या होत्या तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, हे मी तेव्हा विचारलं नव्हतं. दोन रात्री मला झोप नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या उपकेंद्रावरच्या मुलीचाच फोन. मंडपातला गोंगाट मागे ऐकू येत होता, घोषणा चालू होत्या. "ताई, आमच्याकडे गेल्या महिन्यात झालेली बाळं आहेत. पाणी वाढलं की खालच्या पाड्याची वाट बंद होईल. तेवढं एक सत्र करून घ्याल का? बाकी राहू द्या." पुढे थोडं थांबून म्हणाली, "चावी आशाकडे ठेवलीय."

मी गेले. घाटात दरडीचे दगड रस्त्यावर आले होते, धुक्यात हेडलाइटचा पिवळा गोळा तेवढा दिसत होता. आशाताईनं कुलूप उघडलं. आत सगळं लावलेलं, झाकलेलं, जणू ती पाच मिनिटांत येणार आहे. भिंतीला लसीच्या डब्याचा पट्टा टांगलेला. टेबलावर तिची नोंदवही, कोपरे पिवळ्या चिकटपट्टीनं जपलेले. शेवटच्या नोंदीखाली मी लिहायला लागले. माझं अक्षर तिच्या अक्षराखाली फार घाईचं दिसत होतं. बाया भिजत येत होत्या, फडक्यात गुंडाळलेली बाळं, ओल्या माणसांचा आणि धुराचा वास खोलीत भरलेला. बीसीजीची कुपी विरघळवली की चार तासांत संपवायची, म्हणून मी भरभर करत होते. डावा दंड, सुईचं टोक कातडीच्या वरच्या थरातच, मसुराच्या डाळीएवढी फुगी आली की झालं. प्रत्येक बाई आत आली की आधी खोलीभर बघायची आणि मग आशाताईला त्यांच्या भाषेत काहीतरी विचारायची. दोन-तीनदा ऐकल्यावर मी आशाताईला विचारलं, काय म्हणतात? ती म्हणाली, आमची सिस्टर कुठंय, असं विचारतात. दुपारी छपराची एक गळती टेबलावर यायला लागली. नोंदवही भिजू नये म्हणून मी ती मिटून कपाटात ठेवली. तेवढ्यात आणखी एक बाई आली, अगदी शेवटची. मी लस दिली, टॅलीच्या कागदावर रेघ मारली, आणि गाडीवाला हॉर्न वाजवत होता.

संप मिटला. ती परत रुजू झाली. एका संध्याकाळी फोन आला. मला वाटलं संघटनेचं काही असेल, सहयोगी सभासदाचा विषय तिच्या कानावर गेला असेल, आणि मी मनात उत्तर जुळवायला लागले.

"ताई, तुम्ही सत्र केलं त्या दिवशीचं जुळत नाहीये. टॅलीवर बीसीजी सहा आहेत. नोंदवहीत नावं पाचच आहेत."

मी डोळे मिटले. गळती आठवली, हॉर्न आठवला. इवलासा दंड आठवला, त्यावरची फुगी आठवली. नाव आठवेना. नाव विचारलंच होतं का, तेही आठवेना. मी तिला तसंच सांगितलं, एक नाव लिहायचं राहिलंय माझ्याकडून.

"निळ्या फडक्यात होतं का बाळ? आईच्या हनुवटीवर गोंदण?"

"हो. शेवटी आली होती."

"मग कळलं," ती म्हणाली. "लिहिते मी."